कर्नल साइक्स आणि सह्याद्रीच्या नद्यांतील मासे

मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला कीं आपल्या पनवेल तालुक्यांतील ओहोळ एका रात्रींत वाहूं लागतात. ओव्याच्या भोंवतालच्या डोंगरांवरून उतरलेलें गढूळ पाणी शेतांत शिरतें, आणि त्या ओघाविरुद्ध मासे वर चढूं लागतात. यालाच आपल्याकडे वलगण म्हणतात. हातांत उजेड घेऊन रात्रीं वलगणीच्या माशांमागें धांवलेलीं मुलें आपल्या वाचकांत पुष्कळ असतील. मरळ कोणती, वाम कोणती, शिंगटीचा कांटा टोंचूं नये म्हणून ती कशी धरावी, हें त्यांना पुस्तकावांचून ठाऊक असतें. परंतु हें ज्ञानहि विद्येंत मोडतें, असें त्यांस क्वचितच कोणी सांगतें. ज्या पुरुषानें सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं अशाच ज्ञानाला विद्वानांच्या सभेंत मानाचें स्थान मिळवून दिलें, त्या कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांचें चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करावें, हा या लेखाचा हेतु आहे.

साइक्ससाहेबांचा जन्म ता. २५ जानेवारी १७९० रोजीं इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत झाला. त्या काळीं इंग्लंडांतील पुष्कळ तरुण नशीब काढण्यासाठीं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींत शिरत. साइक्सहि चौदाव्या वर्षाच्या सुमारास कंपनीच्या मुंबईच्या सैन्यांत दाखल झाले. ज्या वयांत आपलीं मुलें आठवी-नववीच्या वर्गांत भूमितीचे सिद्धांत घोकीत असतात, त्या वयांत या मुलानें आईबापांचें घर सोडून छावणीचा रस्ता धरला. १८०५ सालीं लॉर्ड लेक यांनीं भरतपूरच्या किल्ल्यास वेढा घातला, तेव्हां पंधरा वर्षांचे साइक्स त्या वेढ्यांत हजर होते. तो किल्ला त्या खेपेस पडला नाहीं. पहिल्याच मोठ्या मोहिमेंत अपयश पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला.

छावणींतील आयुष्य आळसाला सोईचें असतें. कवाईत संपली कीं वेळ मोकळा. तो कसा घालवावा हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. पुष्कळ अधिकारी चार हुकुमांपुरती हिंदुस्थानी शिकत आणि तेवढ्यावर सारी नोकरी काढीत. साइक्सांनीं तसें केलें नाहीं. १८१० सालापर्यंत, म्हणजे वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षीं, ते हिंदुस्थानी व मराठी या दोन्ही भाषांच्या दुभाष्याच्या परीक्षा उतरले. त्या काळीं परकी मनुष्यास मराठी शिकणें सोपें नव्हतें. मोल्सवर्थसाहेबांचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं बाहेर पडला. साइक्स शिकत होते तेव्हां त्याचा मागमूसहि नव्हता. शब्द शिकावयाचे ते मुख्यतः माणसांच्या तोंडून ऐकून. ही ऐकण्याची संवय त्यांना पुढें जन्मभर उपयोगी पडली.

१८१७ साल उजाडलें. महाराष्ट्राच्या इतिहासांतील तें दुःखाचें साल आपणांस ठाऊक आहे. ता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली, त्याच महिन्यांत पुणें कंपनीच्या हातीं गेलें, आणि पेशवाईचा सूर्य मावळला. साइक्स त्या लढायांत कंपनीच्या बाजूनें लढले, व पुढें डोंगरी किल्ले घेण्याच्या कामांतहि त्यांचा भाग होता. येथें सत्य लपविण्याचें कारण नाहीं. ज्या मुलखाचे ते पुढें जिज्ञासु विद्यार्थी झाले, त्या मुलखांत ते प्रथम जेत्यांच्या फौजेबरोबर आले. परंतु जिंकलेल्या देशाकडे पाहण्याच्या दोन रीती असतात. एक मनुष्य विचारतो कीं यांतून आपणांस काय मिळेल. दुसरा विचारतो कीं येथें काय काय आहे. साइक्सांची नेमणूक पहिल्या प्रश्नासाठीं झाली, आणि त्यांनीं तिच्यांत राहून दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शोधलें. त्यांच्या चरित्राची सारी गोडी यांत आहे.

लढाया संपल्यावर ते रजेवर युरोपांत गेले. तेथें सुमारें चार वर्षें राहून १८२४ सालीं, विवाह करून, ते परत आले. त्या वेळीं मौंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते. नव्या मुलखाचा कारभार करावयाचा तर त्याची खडान्खडा माहिती हवी, हें एल्फिन्स्टनसाहेबांनीं ओळखलें होतें. त्यांनीं साइक्सांस दख्खनची माहिती गोळा करणारे अधिकारी नेमिलें. पुणें, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार कलेक्टोरेटींचा विस्तीर्ण प्रदेश त्यांच्या वांट्यास आला.

हें काम सरकारी कचेरींत बसून होण्याजोगें नव्हतें. तंबू पाठीवर घेऊन गांवोगांव फिरावें, पाटील-कुलकर्ण्यांस भेटावें, कोणत्या गांवीं किती घरें, किती माणसें, किती बैल, कोणतें पीक, कोणती मोजणी, जमिनीवर कोणाचा हक्क, हें सारें विचारावें व लिहून घ्यावें, असा तो उद्योग होता. साइक्सांनीं वतनांविषयीं व जमिनीच्या धाऱ्यांविषयीं लिहिलें. हवेचा दाब, उष्णता व पर्जन्य यांचीं मोजमापें ठेविलीं, आणि तीं पुढें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत प्रसिद्ध झालीं. एकाच मनुष्यानें माणसें मोजावीं, पाऊस मोजावा आणि फावल्या वेळांत पशुपक्षी व मासे यांचींहि वर्णनें करावीं, हें आज नवल वाटतें.

पशुपक्ष्यांविषयींचें त्यांचें काम आधीं प्रसिद्ध झालें. दख्खनांतील दोनशेंहून अधिक पक्ष्यांची यादी त्यांनीं १८३२ सालीं छापली. त्यांतील एका रातव्याचें शास्त्रीय नांव त्यांनीं मराठ्यांच्या मुलखावरून ठेविलें, व तें आजहि चालतें. एका चंडोलाला पक्षिशास्त्रज्ञ अद्याप साइक्सचा चंडोल म्हणून ओळखतात. आपल्या रानांत टोळीनें शिकार करणारा जो कोळसून, त्याचें वर्णन करून त्यांनीं त्यास दख्खनचें नांव दिलें.

१८२९ सालाच्या अखेरीस सरकारनें खर्च कमी करण्यासाठीं त्यांची जागाच मोडून टाकली. काम अर्धवट होतें. दुसरा कोणी असता तर कागदांची गठडी बांधून पलटणींत परत गेला असता. साइक्सांनीं सैन्याच्या कामांतून मोकळीक मागून घेतली आणि हातीं धरलेलें काम जानेवारी १८३१ मध्यें पुरें केलें. मगच ते स्वदेशीं गेले. विद्यार्थी मित्रहो, जागा सुटली तरी काम न सोडणें हा गुण परीक्षेच्या कोणत्याहि पत्रिकेंत मोजला जात नाहीं. परंतु मोठीं कामें बहुधा त्याच गुणावर उभीं असतात.

आतां माशांकडे वळूं. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनीं जातो. पश्चिमेकडचें पाणी आपल्या कोंकणांत धांवत उतरतें व थोड्याच अंतरावर समुद्रास मिळतें. पूर्वेकडचें पाणी मुळा, मुठा, इंद्रायणी, भीमा, घोड अशा नद्यांतून शेंकडों मैल फिरून कृष्णेंत जातें. या पूर्ववाहिनी नद्यांचा स्वभाव विलक्षण आहे. पावसाळ्यांत त्या दोन्ही थड्या भरून वाहतात. उन्हाळ्यांत त्यांचे डोह तेवढे उरतात व मधल्या खडकांवर पाण्याची बारीक धार राहते. ज्या माशाला या दोन्ही ऋतूंत जगावयाचें, त्याचें शरीर, तोंड व चालरीत त्या पाण्याला शोभेलशीच असावी लागते. कोणी खडकावरचें शेवाळ खरवडून खातो, कोणी तळाच्या चिखलांत मिशांनीं भक्ष्य चांचपतो, कोणी वरच्या पाण्यांत कीटक टिपतो. हे मासे गंगेच्या माशांहून पुष्कळ अंशीं निराळे आहेत. साइक्सांच्या पूर्वीं बुकॅनन-हॅमिल्टन यांनीं गंगेच्या माशांवर १८२२ सालीं मोठा ग्रंथ लिहिला होता. दख्खनच्या माशांकडे मात्र कोणाचें लक्ष गेलें नव्हतें.

साइक्सांनीं चाळिसांहून अधिक जातींच्या माशांचीं वर्णनें तयार केलीं. तीं १८३९ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रविषयक सभेनें प्रसिद्ध केलीं, व १८४१ सालीं सविस्तर निबंध चित्रांसह निघाला. प्रत्येक माशाची लांबी-रुंदी, पंखांतील कांटे, खवल्यांची ठेवण, रंग व सांपडण्याचें ठिकाण त्यांनीं नमूद केलें. परंतु या निबंधाची खरी अपूर्वता नांवांत आहे.

शास्त्रांत प्रत्येक प्राण्यास दोन शब्दांचें नांव असतें, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिकलेच आहेत. पहिला शब्द कुळाचा, दुसरा त्या जातीचा. हीं नांवें लॅटिन किंवा ग्रीक शब्दांवरून पाडावीं, अथवा कोणा थोर गृहस्थाच्या नांवावरून ठेवावीं, असा विद्वानांचा परिपाठ. साइक्सांनींहि कांहीं नांवें तशीं ठेविलीं. परंतु बहुतेक माशांच्या बाबतींत त्यांनीं नदीकांठचे भोई व कोळी त्या माशाला जें म्हणत, तेंच नांव उचलून शास्त्राच्या पंक्तीस बसविलें. चाकणजवळ इंद्रायणींत एक मासा मिळाला. त्याच्या नाकाडावर पुढें आलेला चमत्कारिक उंचवटा असतो. धीवर त्याला नुक्ता म्हणत, म्हणून तो शास्त्रांत नुक्ता झाला. शिरूरजवळ घोड नदींत मिळालेला मोठा मासा मुसळा झाला. कोळस, पोटील, फुलंगी, टाकरी, शिंघाळा, खरपा या साऱ्यांचीं नांवें अशींच लॅटिन पोषाख चढवून विलायतेस गेलीं. रोहटी या शब्दावरून तर त्यांनीं माशांच्या एका नव्या कुळाचेंच नांव पाडलें. ज्या भोयाला आपलें नांव कागदावर लिहितां येत नव्हतें, त्याचा शब्द जगांतील सर्व प्राणिशास्त्रज्ञांच्या कोशांत कायमचा जाऊन बसला.

यांत केवळ कौतुकाची गोष्ट नव्हती; यांत व्यवहारहि होता. लंडनच्या कपाटांत बाटलींत ठेवलेला मासा कालांतरानें रंग टाकतो, आणि वर्णन कितीहि बारकाईनें केलें तरी दोन सारख्या जातींत घोटाळा होतो. परंतु माशाचें गांवांतील नांव व नदी ठाऊक असली, तर कोणीहि त्या नदीवर जाऊन तेथल्या कोळ्यास विचारूं शकतो. नांव म्हणजे परत जाण्याची वाटच होय.

या माशांपैकीं ज्याची कीर्ति सर्वांत दूरवर गेली तो खुद्री. पुण्याच्या पूर्वेस सुमारें आठ मैलांवर मुळा-मुठेच्या पाण्यांत मिळालेल्या माशावरून साइक्सांनीं त्याचें वर्णन केलें. यालाच कोठें खडस, कोठें खडशी म्हणतात; इतर भागांत त्याच्या भाऊबंदांस महासीर हें नांव आहे. ढालीसारखीं मोठीं खवलीं, जाड ओंठ, तोंडाशीं चार मिशा आणि बळकट शेंपूट, असें त्याचें रूप आहे. त्याला वाहतें, निर्मळ व खडकाळ तळाचें पाणी लागतें. किडे, खेंकडे, गोगलगाई, लहान मासे, शेवाळ, कांठच्या झाडांवरून पडलेलीं फळें, असें सर्व कांहीं तो खातो. पावसाळ्यांत तो ओघाविरुद्ध उगमाकडे चढतो व स्वच्छ दगडगोट्यांत अंडीं घालतो.

या माशाची थोरवी कळण्यासाठीं साइक्सांच्या मायदेशाकडे क्षणभर दृष्टि टाकली पाहिजे. इंग्लंड व स्कॉटलंड येथील लहान डोंगरी ओढ्यांत ट्राउट नांवाचा ठिपकेदार मासा असतो. तो आकारानें फार मोठा नसतो; पण त्याला पकडणें ही तेथें मोठी कला मानली जाते. पक्ष्यांचीं पिसें, केस व रेशीम यांची बारीकशी बनावट माशी गळाला बांधतात आणि ती लवचिक काठीच्या एका झटक्यानें पाण्यावर अशी अलगद टाकतात, कीं खरीच माशी उतरली असें माशाला वाटावें. मासा नेहमीं ओघाकडे तोंड करून उभा राहतो, कारण त्याचें अन्न ओघाबरोबर येतें. म्हणून गळ टाकणारा खालून वर, पाण्यांत पाऊल न वाजवितां, माशाच्या पाठीमागून जातो. कोणत्या महिन्यांत कोणता किडा पाण्यावर येतो, कोणत्या दगडाआड मासा विसावतो, सूर्य कोणत्या बाजूस असला म्हणजे आपली सावली पाण्यावर पडत नाहीं, हें सर्व त्यास ठाऊक असावें लागतें. आयझाक वॉल्टन यांनीं गळाच्या मासेमारीवर १६५३ सालीं लिहिलेलें पुस्तक इंग्रजी वाङ्मयांत अमर झालें. त्यांचे मित्र चार्ल्स कॉटन यांनीं १६७६ सालच्या आवृत्तींत बनावट माशीच्या कलेचा खास भाग जोडला. मासा पकडावयाचा तर आधीं ओढा वाचतां आला पाहिजे, हें त्या कलेचें सार आहे.

हिंदुस्थानांत ट्राउट मूळचा नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास त्याचीं अंडीं मोठ्या खटपटीनें बाहेरून आणून काश्मीर व निलगिरीच्या थंड पाण्यांत त्याची वस्ती करण्यांत आली. सह्याद्रीचे ओढे उन्हाळ्यांत तापतात. तेथें त्याला जगतां येत नाहीं. परंतु ज्या गोऱ्या शिकाऱ्यांस मायदेशच्या ओढ्यांची आठवण येई, त्यांस येथें खुद्री व त्याचे भाऊबंद भेटले. पिसांची माशी किंवा चकचकीत धातूची चमची दोरीला बांधून ते या माशाच्या मागें लागत, आणि एकदां गळ लागला कीं हा मासा ज्या जोरानें खडकांतून पळे, त्या जोरानें त्यांचीं मनगटें दुखून येत. हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यांतील अधिकाऱ्यानें १८७३ सालीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहून महासीराची बरोबरी विलायती सामन माशाशीं केली. या साऱ्या शिकाऱ्यांच्या आधीं मुळा-मुठेच्या कांठीं या माशाचें नांव विचारून घेणारे साइक्स होते.

स्वदेशीं परतल्यावर साइक्सांनीं १८३३ सालीं कर्नलच्या हुद्द्यावर सैन्याची नोकरी सोडली. पुढल्याच वर्षीं ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. लंडनच्या संख्याशास्त्रविषयक सभेच्या संस्थापकांत त्यांची गणना होते, व १८६३ सालीं ते तिचे अध्यक्ष झाले. १८४० सालीं ते ईस्ट इंडिया कंपनीचे एक डायरेक्टर निवडले गेले आणि १८५६ सालीं तिच्या अध्यक्षपदावर चढले. १८५८ सालीं रॉयल एशियाटिक सोसायटीनें त्यांस अध्यक्ष केलें. १८५७ पासून अखेरपर्यंत ते स्कॉटलंडांतील ॲबर्डीन शहरातर्फे पार्लमेंटांत होते. चीन देशांतील ताइपिंग बंडांत ब्रिटिश सरकारनें हात घालूं नये, असें त्यांचें मत होतें, आणि तें त्यांनीं उघडपणें मांडलें. ता. १६ जून १८७२ रोजीं लंडन येथें, वयाच्या ब्यायशींव्या वर्षांनंतर, त्यांचें देहावसान झालें.

त्यांच्या कामांत एक उणीव आहे, ती सांगितलीच पाहिजे. माशांचीं नांवें त्यांनीं जपलीं. परंतु तीं सांगणाऱ्या माणसांचीं नांवें आपणांपर्यंत आलीं नाहींत. इंद्रायणीच्या डोहांत जाळें टाकून पहिला नुक्ता त्यांच्या पुढें कोणी आणून ठेवला? घोड नदीवर मुसळा हें नांव कोणी उच्चारलें? तीं माणसें काळाच्या ओघांत गेलीं. त्या काळच्या विद्वानांची अशीच रीत होती, असें म्हणून ही उणीव समजून घेतां येते. ती भरून काढतां येत नाहीं.

साइक्सांच्या नांवांचें महत्त्व किती, हें अलीकडच्या एका प्रकरणावरून ध्यानांत येईल. पुढील शास्त्रज्ञांनीं घोड नदींतील मुसळा हाहि महासीरच, असा समज करून घेतला, आणि दूरच्या कावेरी नदींतील पाठीवर उंचवटा असणाऱ्या प्रचंड महासीरास तें नांव चिकटविलें. २०१३ सालीं अभ्यासकांनीं साइक्सांचें मूळ वर्णन पुन्हा पारखून दाखवून दिलें कीं मुसळा हा महासीर नव्हेच. मग कावेरीचा तो थोर मासा कोण? २०१८ सालीं त्याची नीट ओळख पटून त्यास टॉर रेमादेवी हें नांव निश्चित झालें. परंतु तोंवर त्याच्यावर संकट कोसळलें होतें, आणि तें आपल्या खुद्रीच्या रूपानें आलें होतें.

ती हकीकत अशी. वीजनिर्मितीसाठीं सह्याद्रींत मोठीं धरणें झालीं, नद्यांचीं पात्रें अडलीं, आणि खुद्रीची वर चढण्याची वाट बंद झाली. तो कमी होऊं लागला. तेव्हां महाराष्ट्रांतील मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनीं १९७० च्या सुमारास लोणावळ्यास या माशाची कृत्रिम रीतीनें पैदास करण्याचा प्रयत्न यशस्वी केला. टाटांच्या वीज कंपनीनें वळवण येथें चालविलेल्या केंद्रांतून लक्षावधि पिलें तयार झालीं व देशांतील अनेक जलाशयांस पाठविण्यांत आलीं. हेतु निःसंशय उदात्त होता. त्यांतील पिलें कावेरींतहि सोडण्यांत आलीं. तेथें खुद्री फोफावला, आणि त्या नदीचा स्वतःचा महासीर हटत हटत नाहींसा होण्याच्या बेतास आला. एका नदीचें भूषण दुसऱ्या नदीस भार झालें. परोपकारहि नांव-गांव न विचारतां केला तर अपकार होतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण विरळा.

पुण्याच्या नद्यांची कथा याहून उदास आहे. ज्या मुळा-मुठेंत साइक्सांना खुद्री मिळाला, तेथें अलीकडच्या अभ्यासकांनीं पाहणी केली तेव्हां त्यांच्या यादींतील कित्येक मासे त्यांस आढळले नाहींत. शहराचें सांडपाणी, वाळूचा उपसा, बांध व बाहेरून आणून सोडलेले परके मासे यांनीं जुन्या रहिवाशांची जागा घेतली. नुक्ता व मुसळा यांची गणना आज धोक्यांत असलेल्या जातींत होते. सह्याद्रीच्या वरच्या, अद्याप निर्मळ राहिलेल्या भागांतच त्यांपैकीं बरेचसे तग धरून आहेत.

तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं. आपल्याच रायगड जिल्ह्यांत, महाड तालुक्यांतील वाळणकोंडीच्या डोहांत, काळ नदीच्या पाण्यांत हे मोठे मासे गांवकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. तेथें कोणी गळ टाकीत नाहीं, जाळें लावीत नाहीं. त्या गांवकऱ्यांजवळ प्राणिशास्त्राची पदवी नव्हती. आपल्या डोहांत कोण राहतें याची ओळख व त्याविषयींचा आदर एवढेंच त्यांचें भांडवल. शास्त्रज्ञाची वही व गांवकऱ्याची श्रद्धा या दोन निरनिराळ्या वाटा असल्या तरी त्या एकाच डोहाशीं येऊन मिळतात.

विद्यार्थ्यांनो, कर्नल साइक्स हे कांहीं अलौकिक बुद्धीचे पुरुष होते असें नाहीं. त्यांच्या अंगीं तीन साधे गुण होते. ज्या लोकांत राहावयाचें त्यांची भाषा त्यांनीं मनापासून शिकली. आपल्याहून गरीब व निरक्षर माणसास प्रश्न विचारण्यांत त्यांनीं कमीपणा मानला नाहीं. आणि जें ऐकलें व पाहिलें तें ठिकाणासह लिहून ठेविलें. हे तिन्ही गुण तुम्हांपैकीं प्रत्येकास साध्य आहेत, आणि साइक्सांस जी भाषा कष्टानें शिकावी लागली ती तुम्हांस आईच्या दुधाबरोबर मिळाली आहे. गाढी नदीच्या पात्रांत, ओव्याच्या ओहोळांत, शेताच्या बांधावरच्या डबक्यांत अद्याप जे मासे आहेत, त्यांचीं नांवें तुमच्या घरांतील वडील माणसांस ठाऊक आहेत. मासा कधीं चढतो, कोठें अंडीं घालतो, पूर्वीं कोणता मिळे व आतां कोणता मिळत नाहीं, हें आजी-आजोबांस विचारा. या पावसाळ्यांत एक कोरी वही घ्या. तींत माशाचें नांव, ओहोळाचें नांव, तारीख, आणि सांगणाऱ्याचेंहि नांव लिहा. या शेवटच्या नोंदीनें साइक्सांच्या हातून राहिलेलें काम तुमच्या हातून पुरें होईल.